न अडवलेला माणूस

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूला शाळेपासून एक सवय लागलेली असते. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू झाली, की समोरून कोणीतरी अंगावर येणार. त्याचं सगळं वाचन त्या धक्क्यापासून सुरू होतं. धक्का आतल्या खांद्यावर बसला की बाहेरच्या, यावरून चेंडू कुठे चाललाय हे तो डोळे मिटूनही सांगू शकतो. मग एका शनिवारी समोर आर्मीचा किंवा नेव्हीचा संघ येतो, स्नॅप होतो आणि त्याच्या अंगावर कोणीच येत नाही. समोरचा टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या फळीतला टोकाचा अडवणारा, ढुंकूनही न बघता आत निघून जातो. पुढे मोकळं रान आणि चार पावलांवर आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक. हा धावतो, चेंडू घेऊन निघालेल्या पहिल्या गड्याला कवळ घालतो, खाली पाडतो, आणि पाडल्यावर कळतं की त्याच्या हातात चेंडू नाहीच. चेंडू बाहेरून वीस यार्ड पुढे गेलेला असतो.

याला ट्रिपल ऑप्शन म्हणतात. एका खेळीत तीन वाटा असतात, आणि कोणती घ्यायची ते स्नॅप झाल्यावर समोरच्याच्या हालचालीवरून ठरतं. मराठी वाचकाला इथे लगेच गनिमी कावा आठवतो, पण ती उपमा फसवी आहे. कावा म्हटला की काहीतरी लपवलेलं असतं. इथे लपवलेलं काहीच नाही, काय येणार हे स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेलाही माहीत असतं. कबड्डीतली चढाई त्याहून जवळची. चढाईवाला पाय पुढे टाकतो आणि कोपऱ्यातल्या गड्याला जणू विचारतो: येतोस की थांबतोस? तो आला तर एक उत्तर तयार असतं, थांबला तर दुसरं.

आता ही पद्धत वर्षानुवर्षं कोण खेळत आलं ते पाहा. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, ॲनापोलिसची नौदल अकादमी, कोलोरॅडो स्प्रिंग्जची हवाई दलाची अकादमी. २००८ ते २०१८ या काळात प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांच्या हाताखालचं जॉर्जिया टेक. साउथ कॅरोलायनातलं वॉफर्ड, व्हर्जिनियातलं वॉशिंग्टन अँड ली, नॉर्थ कॅरोलायनातलं डेव्हिडसन. अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की प्रवेशासाठी ज्या कॉलेजांची यादी फ्रिजवर लागते, त्यातली दोनतीन नावं इथेच सापडतील. यावरून टीव्हीवरचे समालोचक एक निष्कर्ष काढतात: हुशार मुलं आहेत, म्हणून अवघड पद्धत खेळतात.

हा निष्कर्ष उलटा आहे. पद्धत अवघड नाही. मोठ्या विद्यापीठांच्या पासिंगच्या, म्हणजे चेंडू पुढे फेकून खेळायच्या, पद्धतींशी तुलना केली तर ती पोरखेळ वाटावी इतकी आटोपशीर आहे. हुशारीमुळे ती या कॉलेजांना जमते असं नाही. प्रवेश अवघड असल्यामुळे ज्या तीन गोष्टी त्यांच्याकडे कमी असतात, म्हणजे वजन, वेळ आणि बाहेरून आयत्या वेळी आणलेली माणसं, त्या तिन्ही ही पद्धत मागतच नाही.

आधी साधा हिशेब. दोन्हीकडे अकरा-अकरा. आक्रमणात चेंडू घेऊन पळणारा कोणाला अडवत नाही, आणि चेंडू देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅकही बहुतेक वेळा नुसता बघत राहतो. म्हणजे अडवणारे उरले नऊ आणि अडवायचे अकरा. नेहमीच्या धावण्याच्या खेळात ही दोनाची तूट लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या अडवणाऱ्यांच्या, ताकदीने भरून काढायची असते. ऑप्शनमध्ये ती मुद्दाम मान्य करतात. बचावातले दोघे अडवायचेच नाहीत, त्यांना वाचायचं, म्हणजे त्यांची हालचाल बघून पुढचं ठरवायचं. उरले नऊ विरुद्ध नऊ. शिवाय जे दोघे सोडले ते बहुधा समोरच्या संघातले सगळ्यात धिप्पाड आणि चपळ असतात. १३० किलोच्या ज्या गड्याला तुमचा ११५ किलोचा टॅकल साठ मिनिटांत एकदाही हलवू शकला नसता, त्याला हलवायचा प्रश्नच मिटला.

रचना अशी. पाच लाइनमन (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल), एकमेकांपासून साधारण तीन-तीन फुटांवर, म्हणजे इतर संघांपेक्षा जास्त फाकलेले, आणि नियम परवानगी देईल तेवढे चेंडूपासून मागे. क्वार्टरबॅक सेंटरच्या मागे हात लावून. त्याच्या थेट मागे, चेंडूपासून पाचेक यार्डांवर, फुलबॅक. याला जॉन्सन यांच्या बोलीत बी-बॅक म्हणतात. दोन ए-बॅक दोन्ही टॅकलच्या एक यार्ड बाहेर आणि एक यार्ड मागे. दोन रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे, लांब कडेला. हीच फ्लेक्सबोन. चित्र दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे रचनेवरून दिशा ओळखता येत नाही. स्नॅपच्या क्षणभर आधी एक ए-बॅक बी-बॅकच्या मागून पलीकडे निघतो, तेवढीच चाहूल.

मोजणी बाहेरून नाही, आतून. ज्या बाजूला खेळ न्यायचा त्या बाजूच्या टॅकलच्या अंगावर किंवा त्याच्या बाहेर उभा असलेला पहिला बचावपटू नंबर एक. त्याच्या बाहेरचा नंबर दोन. मागे खोल उभा तो नंबर तीन. एकाला क्वार्टरबॅकने वाचायचं, दोनालाही क्वार्टरबॅकनेच वाचायचं, तिनाला त्या बाजूच्या ए-बॅकने अडवायचं. समोर चार जणांची फळी असो, तिघांची असो की पाचांची, हा नियम बदलत नाही. पासिंगच्या संघाला समोरची रचना बदलली की अडवण्याची वाटणी नव्याने सांगावी लागते. इथे लाइनमनला एक, दोन, तीन मोजता आलं की झालं. खेळ कोणत्या बाजूला न्यायचा हेही मोजूनच ठरतं: क्वार्टरबॅक लाइनवर, म्हणजे खेळी जिथून सुरू होते त्या रेषेवर, येऊन दोन्हीकडची डोकी मोजतो आणि जिथे एक कमी तिकडे निघतो.

आता क्वार्टरबॅकचे हात. उजवीकडची खेळी धरू. स्नॅप घेतला की उजवं पाऊल तिरकं मागे, घड्याळात चार-पाच वाजतात त्या दिशेला. दोन्ही हात लांब करून चेंडू मागच्या कमरेपाशी, बी-बॅकच्या पोटात. बी-बॅक गार्डच्या पाठीवर नेम धरून पूर्ण वेगात येतोय, आतला कोपर वर. चेंडू त्याच्या पोटात आहे पण अजून त्याचा नाही. त्याने तो हलक्या हातांनी झाकायचा, आवळायचा नाही. चेंडू मागच्या कमरेपासून पुढच्या कमरेपर्यंत जाईतो दोघे एकत्र सरकतात. या अर्ध्या सेकंदाला मेश म्हणतात, आणि सगळं यातच आहे. या वेळात क्वार्टरबॅकचे डोळे चेंडूवर नसतात, बी-बॅकवरही नसतात. ते नंबर एकवर असतात.

नियम सरळ आहे: द्यायचा, जोवर न देण्याचं कारण दिसत नाही. नंबर एक बाहेर उभा राहिला किंवा क्वार्टरबॅककडे आला, तर चेंडू सोडून द्या, बी-बॅक मधून चार यार्ड खातो. त्याने बी-बॅकवर झेप घेतली, तर चेंडू ओढून घ्या आणि त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेतून वर निघा. आता समोर नंबर दोन. तो तुमच्यावर आला की मागे ए-बॅककडे पिच करा, म्हणजे चेंडू हलकेच टाका, तो ए-बॅककडे सरकला की स्वतःच आत घुसा. ए-बॅकने क्वार्टरबॅकपासून चारपाच यार्ड बाहेर आणि एखादा यार्ड मागे हे अंतर शेवटपर्यंत राखायचं.

बिघडतं ते याच टाचणीएवढ्या जागांमध्ये. बी-बॅकने चेंडू लवकर आवळला आणि क्वार्टरबॅकने त्याच क्षणी ओढला की चेंडू जमिनीवर. ऑप्शन संघांच्या हातून सुटलेल्या चेंडूंपैकी बरेच इथले. चेंडू पुढच्या कमरेच्या पलीकडे गेल्यावर मत बदललं तरी तोच परिणाम. म्हणून शिकवतात: शंका आली तर द्या. चुकीचा दिलेला चेंडू एक यार्ड गमावतो, चुकीचा ओढलेला सामना गमावू शकतो. ए-बॅक उत्साहाने पुढे निघाला तर पिच पुढे जातो, आणि क्वार्टरबॅक लाइन ओलांडून गेला असेल तर पुढे गेलेला पिच बेकायदा पास ठरतो. तो फार मागे राहिला तर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि बचावाला पळायला वेळ मिळतो. ओल्या चेंडूने पिच करणं हे तर वेगळंच दुखणं.

बचावही गप्प बसत नाही. सगळ्यात जुना उपाय अदलाबदलीचा: टोकाचा माणूस मुद्दाम आत घुसून बी-बॅकला धरतो, क्वार्टरबॅकला वाटतं वाट उघडली, तो चेंडू ओढतो, आणि मागून फिरून आलेला लाइनबॅकर नेमका त्या वाटेवर उभा असतो. यावर आक्रमणाचं उत्तर मिडलाइन. त्यात टोकाच्या माणसाऐवजी बचावाच्या फळीतल्या आतल्या टॅकललाच मोकळा सोडून वाचतात. शंभर किलोच्या आत कधीच न उतरलेल्या, आयुष्यभर दोघादोघांकडून रेटल्या गेलेल्या त्या माणसासमोर अचानक कोणीच नसतं, आणि तो गोंधळून जो एक क्षण उभा राहतो तेवढा पुरतो. मागचा सेफ्टी फार लवकर पुढे पळायला लागला की प्रशिक्षक खिशातून पास काढतात. ए-बॅक त्याला अडवायला जातोय असं दाखवून त्याच्या बाजूने सरळ वर निघतो. सामन्यात आठदहाच पास, पण त्यातला एखादा साठ यार्डांचा.

खेळी थोड्या, नियम थोडे. मग शिकायचं काय? आवर्तन. इथे कॉलेजचं वेळापत्रक आडवं येतं, किंवा खरं तर कामी येतं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाने हंगामात सरावाला आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना कितीही लांबला तरी ३ तास धरतात, म्हणजे उरले १७. नियम सगळ्यांना सारखा आहे. फरक उरलेल्या तासांत पडतो. वेस्ट पॉइंटला इंग्रजी विषय घेतलेल्या कॅडेटलाही गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकीचा काही भाग करावाच लागतो. पदवी सगळ्यांची बी.एस. त्यावर लष्करी प्रशिक्षण, त्यावर शारीरिक शिक्षण, ज्यात मुष्टियुद्ध सक्तीचं. जॉर्जिया टेकमध्ये कोणतीही शाखा घ्या, कॅल्क्युलस सुटत नाही. अशा ठिकाणी खेळाडूने नियमाबाहेरचा वेळ स्वखुशीने फिल्म बघण्यात घालवावा ही अपेक्षा धरता येत नाही. स्वखुशीचा वेळ शिल्लकच नसतो.

पासिंगच्या संघाला सतरा तासांत किती गोष्टी वाटाव्या लागतात बघा: पासची रक्षणफळी, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांनी केलेला हल्ला) कोणी उचलायचा, रिसीव्हरचे मार्ग, ते मार्ग बचाव बघून कसे वळवायचे, स्क्रीन (लाइनमागचे छोटे पास), आणि वर थोडं धावणंही. ऑप्शनचा संघ रोज पंधरा मिनिटं फक्त मेश करतो. दर वीस सेकंदाला एक आवर्तन धरलं तर पंधरा मिनिटांत ४५. आठवड्यातून चार दिवस म्हणजे १८०. बारा आठवड्यांचा हंगाम म्हणजे २,१६०. हे एका क्वार्टरबॅकचे, एका हंगामातले, एका हालचालीचे. पाढे पाठ करण्यासारखं आहे हे, आणि पाढ्यांसारखंच नंतर ते विचार न करता येतं. परीक्षेच्या आठवड्यात, तीन तास झोपून आलेल्या मुलालाही.

पाठांतर चार वर्षं टिकायला मुलंही चार वर्षं टिकावी लागतात, आणि ती टिकतात. अकादमीत चार वर्षांतच पदवी घ्यायची असते. वेस्ट पॉइंट त्याला ४७ महिने म्हणतं. एखादं वर्ष बाकावर बसवून पुढे ढकलायची इतर विद्यापीठांतली सोय तिथे सहसा नाही. दुसऱ्या कॉलेजातून कोणी आला तर त्याला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, मग मागचे कितीही क्रेडिट असोत. त्यामुळे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, हा जो सध्या सगळ्यांचा बाजार झालाय, त्यात अकादमी फक्त विकू शकते, विकत घेऊ शकत नाही. पण अठराव्या वर्षी आलेला क्वार्टरबॅक बाविसाव्या वर्षीही तिथेच असतो. नेव्हीचा कीनन रेनॉल्ड्स २०१२ ते २०१५ असा चार वर्षं खेळला आणि धावून ८८ टचडाउन करून गेला, म्हणजे तितक्यांदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन. कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, तेवढे कोणाचेच नव्हते.

वजनाचा मुद्दा लोक विनोदाने घेतात, पण मुळात तोच आहे. अकादमीतून बाहेर पडणारा अधिकारी होणार, आणि अधिकाऱ्याला सैन्याच्या शरीरमानाच्या कसोटीत बसावं लागतं. म्हणून शेवटचा सामना झाला की शेवटच्या वर्षाचे लाइनमन ताटातला भात कमी करायला लागतात. मोठ्या विद्यापीठांचे लाइनमन १४० किलोच्या आसपास असतात. तेवढं वजन इथे आणणं अवघड आणि ठेवणं त्याहून अवघड. पासचं रक्षण करताना लाइनमनला मागे सरकत सरकत अडीच-तीन सेकंद एका धिप्पाड, वेगवान माणसाला रोखून धरावं लागतं. तिथे लांब हात आणि वजन यांना पर्याय नाही. ऑप्शनमध्ये तो पुढे जातो, कोनात जातो, आधी पोचतो आणि एक सेकंद आडवा येतो. ११५ किलोचा, पायाने हलका मुलगा हे करू शकतो, आणि असा मुलगा मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेला असल्यामुळे मिळतोही.

याच कामाचं एक हत्यार म्हणजे कट ब्लॉक. समोरच्याच्या मांडीवर, कमरेखाली झोकून द्यायचं. हलक्या माणसाने जड माणसाला पाडायचा हा जुना मार्ग. गुडघ्यांना इजा होते म्हणून त्यावर नियम आवळत गेले. २०१८ मध्ये लाइनच्या पाच यार्ड पलीकडे बंदी आली. २०२२ पासून कमरेखालचा ब्लॉक फक्त टॅकल बॉक्सच्या, म्हणजे मधल्या फळीभोवतालच्या चौकोनाच्या, आत आणि तोही लाइनमनना आणि स्नॅपच्या वेळी जागेवर स्थिर असलेल्या बॅकना. म्हणजे कडेला नंबर तीनवर झोकून देणाऱ्या ए-बॅकचं निम्मं कामच गेलं. आता त्याला उभ्याने, स्वतःहून वीस किलो जड माणसाला तोंड द्यायचं. आर्मीने २०२३ मध्ये याच कारणाने क्वार्टरबॅकला मागे नेऊन शॉटगनची पद्धत करून पाहिली, हंगाम ६-६ वर संपला. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक परत सेंटरच्या मागे आला, पिच कमी झाले, क्वार्टरबॅक ब्रायसन डेली स्वतः लाइनमनच्या मागून घुसू लागला आणि त्याने ३२ टचडाउन केले. आर्मी त्याच वर्षी अमेरिकन कॉन्फरन्स या साखळीत आली होती. अंतिम सामन्यात टुलेनला ३५-१४ असं हरवून पहिल्याच वर्षी विजेतेपद घेतलं. नियमाने ट्रिपलमधला एक पाय कापला तर उरलेल्या दोघांवर चालायचं, इतकं ते साधं निघालं.

आणखी एक फायदा हुशारीशी अजिबात संबंध नसलेला आहे. प्रतिस्पर्धी ही पद्धत वर्षातून एकदा पाहतो. त्याच्याकडे तयारीला तीनचार सराव असतात आणि त्या सरावात ऑप्शन खेळून दाखवणारी त्याची दुय्यम फळी ती कधीच त्या वेगाने खेळू शकत नाही. काही प्रशिक्षक तर चेंडूविना सराव घेतात, म्हणजे बचावपटूंनी चेंडू न शोधता आपापला माणूस धरावा. एरवी वर्षभर त्यांना चेंडूकडे धावायला शिकवलेलं असतं. नेव्ही १९६४ ते २००६ अशी सलग ४३ वर्षं नोत्र दामकडून हरत आली होती. २००७ मध्ये तीन जादा डावांनंतर ४६-४४ असं जिंकली. याचा उलटा पुरावाही आहे. दोन्ही बाजूंना ही पद्धत तोंडपाठ असली की ती थिजते. आर्मी-नेव्ही सामन्यांचे गुण बघा: २०१६ मध्ये २१-१७, २०१७ मध्ये बर्फात १४-१३, २०१८ मध्ये १७-१०.

घड्याळाचा भाग सगळ्यांना आवडतो. २००४ च्या एमराल्ड बोल या हंगामानंतरच्या सामन्यात नेव्हीने न्यू मेक्सिकोविरुद्ध २६ खेळ्यांची एक चढाई केली, म्हणजे तेवढ्या खेळ्या चेंडू त्यांच्याकडेच राहिला. ९४ यार्ड, १४ मिनिटं २६ सेकंद. एक पूर्ण क्वार्टर १५ मिनिटांचा असतो. एवढं करून मिळाले तीन गुण, फील्ड गोलचे. पण तेवढा वेळ समोरचा क्वार्टरबॅक बाकावर पाणी पीत बसला होता. २०१८ मध्ये आर्मीने ओक्लाहोमाविरुद्ध ४४ मिनिटं ४१ सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला आणि त्या वर्षी हाइझमन हा सर्वोत्तम खेळाडूचा करंडक जिंकलेल्या कायलर मरीला जवळपास पाऊण सामना बघ्याची भूमिका दिली. जादा डावात २८-२१ अशी हरली, पण ओक्लाहोमाचे लोक सुटकेचा श्वास टाकत घरी गेले.

यामागचं गणित मात्र लोक फुगवून सांगतात. चढाया कमी झाल्या की दुबळ्याची संधी वाढते, हे खरं. किती वाढते? प्रत्येक चढाईची जोडी म्हणजे एक नाणेफेक समजा आणि दुबळा संघ ती दहांत चार वेळा जिंकतो असं धरा. अकरा फेऱ्यांत बहुमत मिळवायची त्याची शक्यता साधारण २५ टक्के. सात फेऱ्यांत २९. म्हणजे चार टक्क्यांचा फरक. वर्षाला बारा सामने, त्यातले पाच-सहा आपल्याहून बलवान संघांशी, तर चार वर्षांत एखादा जास्तीचा विजय. घड्याळ खाऊन चमत्कार होत नाहीत. चमत्कार होतात ते नऊ विरुद्ध नऊ झाल्यामुळे.

आणि घड्याळच उलटतंही. पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या पहिल्याला) होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, दंड लागून वीस यार्ड हवे झाले की ही पद्धत हतबल होते, कारण ती चार-चार यार्डांनी चालते. पंधरा गुणांनी मागे आणि सहा मिनिटं शिल्लक, तर तिच्याकडे उत्तर नसतं. सगळ्यात गंमतीचा दाखला डेव्हिडसनचा. दोन हजारांच्या आत विद्यार्थी, फुटबॉलला शिष्यवृत्ती नाही, परीक्षा मुलं आपापल्या वेळेला पर्यवेक्षकाविना देतात, अशी सचोटीची शपथ पाळणारं कॉलेज. २०१८ मध्ये स्कॉट अॅबेल तिथे प्रशिक्षक म्हणून आले, वॉशिंग्टन अँड लीहून, आपली शॉटगनमधली ऑप्शन घेऊन. त्याच सप्टेंबरात डेव्हिडसनने सॅन डिएगोविरुद्ध धावून ७८९ यार्ड काढले. एफसीएस या डिव्हिजन वनच्या दुसऱ्या फळीच्या गटात एका सामन्यात इतकं कोणीच धावलं नव्हतं. पाऊण किलोमीटरला थोडं कमी. आणि सामना हरले, ५६-५२. बचावाचा हिशेब कोणीतरी वेगळा मांडायला हवा होता. पुढच्या काही वर्षांत तो मांडला गेला आणि पायोनियर लीग या त्यांच्या साखळीची विजेतेपदं आली.

सगळ्या अवघड कॉलेजांनी हाच मार्ग घेतला असंही नाही. स्टॅनफर्डने उलटा घेतला. जिम हार्बो आणि मग डेव्हिड शॉ यांच्या काळात तिथे सहा-सात लाइनमन एका वेळी उतरवून, गार्डला पळवत नेऊन, सरळ अंगावर जाणारं धावणं होतं. २०१३ आणि २०१६ च्या जानेवारीत रोझ बोल हा मानाचा सामना जिंकले. पण त्याला लागणारे १४० किलोचे, शिवाय स्टॅनफर्डच्या प्रवेश कार्यालयाला पटणारे लाइनमन देशभरातून वर्षाला मोजकेच मिळतात. ते मिळत होते तोवर चाललं. आयव्ही लीग या जुन्या नामवंत विद्यापीठांच्या साखळीत ट्रिपल ऑप्शनवर संसार करणारे संघ फारसे दिसत नाहीत, त्याचं कारण मला वाटतं सरळ आहे. तिथे अकॅडमिक इंडेक्स नावाचा गुणांचा मापदंड आठही कॉलेजांना लागतो आणि क्रीडा शिष्यवृत्ती कोणालाच देता येत नाही. सगळेच सारख्या अडचणीत असले की अडचणीवरचा उपाय कोणाला लागत नाही. ऑप्शन अवघड कॉलेजांचा नाहीच, आपल्यापेक्षा सोप्या कॉलेजांशी खेळावं लागणाऱ्या अवघड कॉलेजांचा आहे.

व्हँडरबिल्ट हे त्याचं ताजं उदाहरण. एसईसी या बलाढ्य साखळीत अलाबामा, जॉर्जियासारख्यांच्या पंगतीत बसलेलं नॅशव्हिलचं खासगी विद्यापीठ. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. चेंडू ४२ मिनिटं ८ सेकंद त्यांच्याकडे, तिसऱ्या डाउनला १८ पैकी १२ वेळा यश. पहिल्या पाचांतल्या संघाला त्यांनी त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. प्रेक्षकांनी गोलपोस्ट उपटून कंबरलँड नदीत नेऊन टाकला. शॉटगनमधली, पासची जोड असलेली ऑप्शनच होती ती. पण ही आवृत्ती माझ्या वरच्या एका मुद्द्याला छेद देते: तिचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया चार वर्षं तिथे मुरलेला नव्हता. तो न्यू मेक्सिको स्टेटहून त्याच वर्षी आलेला होता, आणि तिथले आक्रमणाचे प्रशिक्षक टिम बेकही त्याच्याबरोबर आले होते. पाठांतर दुसरीकडे झालं होतं, नुसतं उचलून आणलं. दारातून बाहेरचा माणूस आत घेता येत असेल तर तेही चालतं.

सोडताना मात्र महागात पडते ही पद्धत. जॉन्सन निवृत्त झाल्यावर जॉर्जिया टेकने २०१९ पासून पासिंगचा रस्ता धरला. हाताशी होते ते पुढे जायला शिकलेले, मागे सरकत अडवणं ठाऊक नसलेले हलके लाइनमन, पकडण्यापेक्षा अडवण्यासाठी निवडलेले रिसीव्हर, आणि टाइट एंड (फळीच्या टोकाला राहून अडवणारे आणि पासही पकडणारे) जवळजवळ नाहीतच, कारण फ्लेक्सबोनमध्ये ती जागाच नसते. पहिली तीन वर्षं ३-९, ३-७ आणि ३-९. उलट दिशेने जातानाही तेवढाच काळ धरावा. अॅबेल २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राइस विद्यापीठात रुजू झाले, आणि राइस आहे ह्यूस्टनमध्ये. तिथूनच काही मैलांवर, ह्यूस्टन विद्यापीठात, १९६० च्या दशकाच्या मध्यावर बिल योमन यांनी टोकाचा माणूस पहिल्यांदा मुद्दाम मोकळा सोडून वाचायला शिकवलं होतं. व्हीर म्हणायचे तिला. १९६८ मध्ये टेक्सासच्या एमरी बेलार्ड यांनी तिच्यात तिसरा बॅक घातला आणि विशबोन झाली, मग विशबोनचे बॅक बाहेर सरकवून फ्लेक्सबोन, मग फ्लेक्सबोनचा क्वार्टरबॅक मागे नेऊन अॅबेल यांची. साठ वर्षांनी ती त्याच शहरात आली, आणि पासच्या रक्षणासाठी जमवलेल्या लाइनमनना नंबर एकाकडे न बघता आत निघून जायला शिकायचं होतं.